कोरोना मेंदूत बसलाय का? बाबांचा विसर, तळपायांच्या मुंग्या आणि आईची हरपलेली फोडणी

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका शेतकरी तरुणानं विचारलं आहे. वडील ५६ वर्षांचे, शुगर आणि बीपी आधीपासून. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोना झाला, नऊ दिवस ऑक्सिजन लागला. तेव्हापासून माणसांची नावं चटकन आठवत नाहीत, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, तळपायांना मुंग्या येतात आणि गेल्या वर्षभरात त्या वाढल्या आहेत. आईला त्याच सुमारास कोरोना झाला, ती घरीच बरी झाली, पण वास अजून अर्धामुर्धाच येतो. गावात कोणी म्हणतं विषाणू मेंदूत जाऊन बसला, कोणी म्हणतं लशीनं झालं. एका डॉक्टरांनी दर महिन्याला सलाईनमधून ‘मेंदूची ताकद’ चढवायला सुरुवात केली आहे. एमआरआय करायचा का, आणि बाबा पुढे वेडे होतील का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण झोप त्यानंच उडवली असणार. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून बाबा वेड लागण्याच्या वाटेवर आहेत असं मला दिसत नाही. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं: मुंग्या वर्षभरात वाढल्या. कोरोनानं केलेलं नुकसान सहसा हळूहळू ओसरतं, नाहीतर आहे तिथं थांबतं. इतक्या वर्षांनी एखादी तक्रार वाढत असेल तर तिचं कारण २०२१ मध्ये शोधू नका, आज बाबांच्या ताटात, गोळ्यांच्या डब्यात आणि वावरात शोधा. तिकडे येतोच, आधी विषाणूचं बघू.

मी तालुक्याच्या ठिकाणी पंचवीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. दुसरी लाट देशाच्या आधी आमच्याकडे उठली. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती, अचलपूर, अकोल्याकडे पुन्हा कुलूपबंदी लागली तेव्हा बाकी महाराष्ट्र लग्नं लावत होता. एप्रिल येईपर्यंत आमच्या वऱ्हांड्यात खाटा होत्या. त्या दिवसांत ताप आणि दम सोडून तिसरं काही बघायला कोणाला फुरसत नव्हती. डोक्याच्या तक्रारी नंतर यायला लागल्या, जून-जुलैत, पेरण्या आटोपल्यावर. ‘डाक्टर, डोकं बधिर झालं जी. बोलता बोलता शब्दच हरपून राहिला.’ पहिल्या काही जणांना मी ‘अशक्तपणा आहे, जाईल’ म्हणून परत पाठवलं. ती माझी चूक होती. अशक्तपणा होताच, पण सगळा प्रकार तेवढ्यावर संपत नव्हता.

आता ‘मेंदूत बसला’ या म्हणण्याबद्दल. हा विषाणू पेशीत शिरतो तो पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या दरवाजातून. फुप्फुसात, नाकात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात हे दरवाजे भरपूर आहेत. मेंदूच्या खऱ्या चेतापेशींवर ते फार कमी. मृत रुग्णांचे मेंदू तपासले तेव्हा काहींमध्ये विषाणूचे अंश सापडले, पण अगदी थोडे, आणि त्यांच्याभोवती मेंदूज्वरात दिसतो तसा दाह फारसा नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांना मात्र बारीक रक्तवाहिन्या पातळ झालेल्या आणि गळत असलेल्या दिसल्या, आणि त्याच नमुन्यांत विषाणू सापडला नाही. म्हणजे विषाणू मेंदूत घर करून बसलाय असं नव्हे. बहुतेकांच्या बाबतीत त्यानं बाहेरून त्रास दिला.

बाहेरून म्हणजे कसा? एक, प्राणवायू कमी पडला. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो. तुमच्या बाबांना नऊ दिवस ऑक्सिजन लागला, त्याआधी घरी किती दिवस ८५-८८ वर काढले असतील कोण जाणे. त्या काळात माणसं ऐंशीच्या घरातला ऑक्सिजन घेऊन बाजेवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटताना मी पाहिली आहेत, दम लागत नाही म्हणून निर्धास्त. दुसरं, विषाणूशी लढताना शरीरानंच जो भडका उडवला त्याची धग मेंदूला लागली. मेंदूत पहारेकऱ्याचं काम करणाऱ्या पेशी असतात, त्या एकदा खवळल्या की विषाणू निघून गेल्यावरही काही काळ शांत होत नाहीत. तिसरं, रक्त घट्ट झालं, गुठळ्या झाल्या. आणि चौथं, दवाखान्यात जे भोगलं ते: झोपेविना रात्री, एकटेपणा, शेजारच्या खाटेवरचं मरण, भ्रम. ऑक्सिजनवर असताना बाबा ‘मला घरी न्या, हे लोक मारतात’ असं काही बडबडत होते का, ते आठवून बघा. त्याला आम्ही डिलिरियम म्हणतो. मोठ्या आजारात वयस्क माणसाला तो झाला असेल तर नंतर विसर पडण्याचं प्रमाण जास्त दिसतं.

यातला गुठळ्यांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या बाबांना तो लागू नाही. पण गावात सगळ्यांना माहीत हवा. कोरोनाच्या ऐन दिवसांत आणि पुढचे काही आठवडे लकव्याचा धोका वाढतो, तरण्या माणसालाही. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २०२० च्या एप्रिलमध्येच पन्नाशीच्या आतल्या पाच रुग्णांची नोंद छापली होती, मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झालेल्यांची. माझ्याकडे ४६ वर्षांचा एक माणूस आला तो लकव्याच्या तिसऱ्या दिवशी. सकाळी चहाची कपबशी हातातून सुटली, तोंड वाकडं झालं. घरच्यांनी त्याला लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं, साठ किलोमीटर, तिथं कबुतराच्या रक्तानं मालीश झाली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही आधी सीटी स्कॅन करून. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात फक्त व्यायाम आणि गोळ्या उरल्या होत्या. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ अडखळते, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन लावायचा, सीटी स्कॅन कुठे चालू आहे हे विचारून थेट तिथं जायचं, आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून न्यायची. गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या लोकांनी घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर तेही सांगायचं, कारण कोरोना असो-नसो, त्यात कोवळ्या पोरांनाही लकवा येतो.

आता बाबांचा विसर.

कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर बसणारा एक मुनीम माझा जुना पेशंट. पस्तीस वर्षं तोंडी हिशेब, कॅल्क्युलेटर म्हणजे त्याच्या दृष्टीनं नव्या पोरांचा चोचला. कोरोनानंतर दोन महिन्यांनी आला, म्हणाला काट्यावर बसायची भीती वाटते. मी म्हटलं, सात हजार दोनशेच्या भावानं तीन क्विंटल पंचवीस किलोचे किती? एरवी माझं वाक्य संपायच्या आत त्यानं सांगितलं असतं. त्यानं तळहाताकडे पाहिलं, ‘एकवीस हजार सहाशे’ म्हणाला आणि थांबला. तीन क्विंटलपर्यंत बरोबर होतं. पंचवीस किलो राहिले. ‘पुढचं हातातून सुटून राहिलं जी,’ म्हणाला, आणि डोळ्यांत पाणी.

कोरोनानंतरचा विसर नेमका असा असतो. आठवण पुसली जात नाही, लक्ष टिकत नाही आणि डोक्याचा वेग मंदावतो. दोन कामं एकदम झेपत नाहीत. नाव जिभेवर असतं, तासाभरानं अंघोळ करताना आठवतं. बाबांचं असंच असेल तर हा प्रकार वेगळा आणि म्हातारपणच्या वेडाचा वेगळा. वेडात माणसाला आपण विसरतोय याचंच भान नसतं, घरचे घेऊन येतात. इथं माणूस स्वतः येतो, यादी घेऊन येतो, आणि घाबरलेला असतो. हा फरक दर वेळी शंभर टक्के खरा ठरेल असं नाही, पण ओपीडीत माझा पहिला अंदाज मी याच्यावरच बांधतो.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं २०२४ मध्ये लाखाहून अधिक लोकांच्या बुद्धीच्या चाचण्यांचा अभ्यास छापला. कोरोना होऊन पूर्ण बरे झालेले लोक, कधीच कोरोना न झालेल्यांपेक्षा सरासरी तीन बुद्ध्यंक मागे होते. ज्यांच्या तक्रारी चालूच राहिल्या ते सहा, आणि आयसीयूत गेलेले नऊ. तीनचा फरक रोजच्या व्यवहारात कळतसुद्धा नाही, नऊचा मुनिमाला काट्यावर कळतो. पण त्याच अभ्यासातली दुसरी बाब आमच्याकडे फारशी सांगितली जात नाही: ज्यांच्या रेंगाळलेल्या तक्रारी अखेर मिटल्या त्यांची बुद्धी लवकर बरे झालेल्यांच्या बरोबरीला आलेली दिसली. ऑक्सफर्डच्या लोकांनी बारा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी दोन वर्षं बघितल्या, त्यात चिंता आणि उदासी यांचा वाढलेला धोका दोनेक महिन्यांत इतरांइतकाच झाला. डोक्याचं मंदपण, फिट आणि वयस्कांतला स्मृतिभ्रंश यांचा धोका मात्र दोन वर्षांनीही थोडा वरच होता. म्हणून बाबांच्या विसराला मी ‘काही नाही’ म्हणणार नाही. दर सहा महिन्यांनी बघत राहायचं.

एमआरआयचं उत्तर यातच आहे. इंग्लंडमध्ये ७८५ लोकांचे मेंदूचे स्कॅन महामारीआधी काढून ठेवले होते. मधल्या काळात त्यातल्या ४०१ जणांना कोरोना झाला आणि सगळ्यांचे स्कॅन पुन्हा काढले. ज्यांना झाला त्यांच्या मेंदूत वासाशी आणि आठवणीशी जोडलेले काही भाग थोडे जास्त झिजलेले निघाले. २०२२ मध्ये हे छापून आलं तेव्हा ‘कोरोनानं मेंदू आकसतो’ अशा बातम्या व्हॉट्सॲपवर फिरल्या. पण तो फरक दोन टक्क्यांपर्यंतचा, शेकडो लोकांची सरासरी काढल्यावर दिसणारा. तुमच्या बाबांचा एकच स्कॅन, आधीचा स्कॅन हाताशी नसताना, यातलं काहीच दाखवणार नाही. बहुधा ‘वयानुसार बदल’ असा रिपोर्ट येईल, आणि त्या दोन शब्दांनी घरात आठ दिवस रडारड होईल. पैसे सध्या खिशात ठेवा. एक हातपाय कमजोर होणं, फिट येणं, चाल बिघडणं, स्वभाव एकाएकी बदलणं, दिवसागणिक वाढणारं डोकं दुखणं किंवा महिन्या-महिन्याला स्पष्ट वाढत जाणारा विसर, यातलं काही असेल तर मात्र एमआरआय हवाच, आणि तेव्हा पुढे ढकलू नका.

आता अंधारी. यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. घरी बीपीचं मशीन असेल तर सकाळी न्याहारीआधी बाबांना दहा मिनिटं आडवं झोपवा, बीपी आणि नाडी लिहून घ्या. मग उभं करा, भिंतीला टेकू न देता, आणि एका, तीन, पाच आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी कोणीतरी उभं राहा, पडायला नको. वरचं बीपी तीन मिनिटांत वीसनं किंवा जास्त उतरलं तर अंधारीचं कारण सापडलं. बीपी न उतरता नाडीच तीसनं किंवा त्याहून जास्त वाढली तर प्रकार दुसरा. तो जास्त करून तरण्या बायांमध्ये दिसतो. बीएडला असलेल्या एका पोरीची नाडी झोपून ७४ होती, उभं राहून पाचव्या मिनिटाला ११८ झाली, पावलं जांभळी पडली, आणि तोवर तिला तीन ठिकाणी ‘टेन्शन घेते’ म्हणून परत पाठवलं होतं. हृदयाचे ठोके, बीपी, घाम, पचन हे सगळं आपल्या नकळत चालवणाऱ्या नसांचा तोल कोरोनानंतर काहींमध्ये बिघडतो, तो हा. तिला भरपूर पाणी, मीठ जास्त, पायांत घट्ट मोजे आणि झोपून करायचे व्यायाम दिले. वर्षभरात ती वर्गात उभं राहून पाठ घ्यायला लागली.

तुमच्या बाबांना मात्र मीठ वाढवू नका, त्यांना बीपी आहे. उलट त्यांच्या बाबतीत माझा पहिला संशय बीपीच्या गोळीवरच आहे. आजारपणात वजन किती उतरलं? आमच्याकडे माणूस दहा किलोनं वाळतो आणि गोळी मात्र जुन्या वजनाची, जुन्या डोसाची चालूच राहते, कारण मेडिकलवाला जुनी चिठ्ठी बघून देत राहतो. त्यात प्रोस्टेटची गोळी असेल तर तीही बीपी पाडते. त्यावर मे महिन्यातलं आपलं ४५ डिग्रीचं ऊन, घामावाटे गेलेलं पाणी. आणि वर्षानुवर्षांच्या शुगरनं याच नसा खराब होतात, कोरोना नसतानाही. गोळी स्वतःहून बंद करू नका, आकडे लिहिलेला कागद घेऊन डॉक्टरांना दाखवा.

मुंग्या. इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

तळपायांना मुंग्या, त्या हळूहळू वर सरकणं, रात्री आग होणं: कोरोनानंतर बारीक नसा दुखावून हे होऊ शकतं. पण बाबांच्या बाबतीत कोरोनाचं नाव घेण्याआधी मी चार जणांची झडती घेईन. पहिली शुगर, तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीसकट. दुसरं, बी-१२. तुम्ही माळकरी असाल, शाकाहारी असाल तर आधीच कमी असतं, त्यात शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर ती गोळी बी-१२ आतड्यातून शोषू देत नाही. बी-१२ कमी झालं की मुंग्या येतात, चाल डगमगते, आणि विसरही पडतो! म्हणजे तुमच्या पत्रातल्या दोन तक्रारींचं एकच कारण निघू शकतं, आणि तेही बरं होणारं. तिसरं थायरॉईड आणि रक्ताचं प्रमाण. दारू असेल तर ती याच रांगेत.

चौथी फवारणी. यवतमाळात राहणाऱ्याला हे मी सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारताना वीसेक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो भरती झाले. ती तडकाफडकीची विषबाधा सगळ्यांना दिसली. पण ऑरगॅनोफॉस्फेट प्रकारातली काही कीटकनाशकं नसांना उशिरानंही इजा करतात, विषबाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी पाय कमजोर पडतात. आणि जो माणूस दर हंगामात उघड्या अंगानं, पंपाची गळकी टाकी पाठीवर घेऊन फवारतो त्याच्या डोकेदुखीचा, विसराचा, मुंग्यांचा हिशेब फक्त कोरोनाच्या खात्यावर लिहिता येत नाही. बाबा अजून स्वतः फवारतात का? तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि माझ्या अनुभवात डॉक्टरही विचारत नाहीत.

म्हणून त्या महिन्याच्या सलाईनबद्दल माझी तक्रार आहे. पाणी, ग्लुकोज-मीठ आणि रंगीत व्हिटॅमिन यापलीकडे त्यात सहसा काही नसतं. शुगरच्या माणसाला ग्लुकोज चढवलं तर नुकसानच. सोबत मेंदूच्या म्हणून सिटिकोलीन, पिरॅसिटॅमसारख्या गोळ्या दिल्या असतील, तर कोरोनानंतरच्या विसरावर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. यातली खरी गोची वेगळीच आहे. त्या रंगीत बाटलीत थोडं बी-१२ असतं. त्यामुळे चार दिवस बरं वाटतं, घरचे म्हणतात ‘बघा, फरक पडला’. आणि नंतर रक्त तपासलं तर बी-१२ भरपूर दिसतं, म्हणजे मूळ कमतरता झाकली जाते. तेव्हा बी-१२ चं इंजेक्शन किंवा सलाईन पुन्हा घ्यायच्या आधी रक्त द्या, आणि आतापर्यंत किती बाटल्या झाल्या ते डॉक्टरांना सांगा. कमी निघालं तर बी-१२ ची साधी, स्वस्त इंजेक्शनं ठरलेल्या क्रमानं घ्यायची असतात. त्यासाठी खाटेवर दोन तास पडून राहावं लागत नाही.

(मुंग्यांऐवजी पायांची ताकद जात असेल आणि ती दिवसांत वर चढत असेल, उकिडवं बसून उठता येत नसेल, तर ती वेगळी आणि तातडीची गोष्ट. गिया-बारे नावाचा आजार कोरोनानंतर दोन-चार आठवड्यांत क्वचित होतो. त्यात श्वासाचे स्नायूही थकतात. थेट नागपूर किंवा सेवाग्रामचं मोठं रुग्णालय गाठायचं.)

लशीबद्दल. कोव्हिशिल्डनंतर गुठळ्यांचा एक दुर्मीळ आजार होत होता, गिया-बारेही फार क्वचित, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण ते लशीनंतरच्या काही आठवड्यांत होतं, वर्षांनी नाही. आणि तुमच्याच लिहिण्याप्रमाणे बाबांच्या तक्रारी ऑक्सिजनच्या आजारपणापासूनच्या आहेत. गुठळ्यांचा धोका खुद्द कोरोनानं कितीतरी जास्त वाढतो. लस घेतलेल्यांमध्ये कोरोनानंतर रेंगाळणाऱ्या तक्रारी कमी दिसल्या. पारावर हे सांगून कोणी ऐकेल असं मला वाटत नाही, निदान घरात तरी सांगा.

दुसऱ्या लाटेची आणखी एक आठवण बाबांसाठी कामाची आहे. तेव्हा शुगर आणि स्टेरॉइड या जोडीनं विदर्भात काळ्या बुरशीचे रुग्ण ओळीनं आले. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला डेक्सामेथासोननं जीवदान मिळतं हे ब्रिटनमधल्या चाचणीनं जून २०२० मध्ये दाखवलं होतं: रोज सहा मिलिग्रॅम, दहा दिवस. आमच्याकडे ते घरबसल्या, ऑक्सिजन ९७ असताना, तीन-तीन आठवडे दिलं गेलं. बुरशी नाकातून डोळ्यात आणि डोळ्यामागून मेंदूत चढायची. बाबा त्यातून वाचले हे नशीब. पण पुन्हा कधी कोरोना झाला तर मेडिकलमधून ‘दमाची छोटी पांढरी गोळी’, म्हणजे हेच स्टेरॉइड, आणून देऊ नका. आणि शुगर वाढलेली असताना गालाची एक बाजू दुखली, पापणी सुजली, एकाचे दोन दिसले, नाकातून काळपट आलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर.

आईचं आता. ही सगळ्यात आशेची बाजू आहे, आणि घरात तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष गेलं असणार. नाकाच्या छताशी वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. विषाणू त्यांच्यात फारसा शिरत नाही, कारण तो एसीई-२ चा दरवाजा त्यांच्यावर नाही. त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर आहे. शेजारचं घर पडलं म्हणून हे घर बंद पडलं. म्हणूनच बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. ज्यांच्या चेतापेशीही मेल्या त्यांना वेळ लागतो, पण या पेशी आयुष्यभर नव्यानं उगवत राहतात, शरीरातल्या मोजक्या चेतापेशींपैकी या एक. उगवताना तारा चुकीच्या जोडल्या जातात आणि मग कांदा-लसणाच्या फोडणीला जळक्या रबराचा वास येतो. माझी एक पेशंट वर्षभर लसूण न घालता वरण करायची. नवरा म्हणायचा, बाई नखरे करते. मी नवऱ्याला समोर बसवून हे सगळं सांगितलं तेव्हा तो गप्प झाला आणि ती पहिल्यांदा हसली.

उपाय आहे, फुकट आहे, फक्त चिकाटी लागते. चार ठळक वास रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वीसेक सेकंद, हळू श्वासानं हुंगायचे. जर्मनीत ही पद्धत बसवली तेव्हा गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी घेतले होते. आपल्याकडे लिंबाच्या जागी संत्र्याची ताजी साल चुरगाळा, बाकी लवंग आणि निलगिरीचं तेल कोणत्याही किराण्यात मिळतं. हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करायचा, मन दुसरीकडे ठेवून नाक नुसतं लावायचं नाही. किमान तीन महिने, आणि नंतर वास बदलून आणखी तीन. इतकी वर्षं झाल्यावर पूर्ण वास येईलच असा शब्द मी देत नाही, पण सुरू करायला उशीर झालेला नाही. तोवर घरात दोन गोष्टी करा: आई एकटी असताना सिलिंडरचा कॉक बंद आहे ना हे दुसऱ्या कोणीतरी बघायचं, आणि उरलेलं अन्न आईच्या नाकाच्या भरवशावर ठेवायचं नाही.

विसरावर नेमकं औषध नाही, पण करण्यासारखं आहे. मुनिमाला मी गोळी दिली नाही. त्याचा भाऊ त्याच लाटेत गेला होता, तो रात्री दोन वाजता उठून बसायचा. आधी झोप सुधारली. मग काम वाटून दिलं: सकाळचे दोन तास काट्यावर, मग घरी. ज्यांना श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग मोडून येतं आणि डोकं जास्त धूसर होतं, त्यांनी ‘रेटून काम केलं की ताकद येईल’ हे सोडून द्यावं. बरं वाटलं त्या दिवशी अख्खं वावर डवरून टाकायचं आणि मग तीन दिवस बाजेवर, हा खेळ महिनोन् महिने चालतो. बरं वाटत असतानाच थांबायचं. नावं, हिशेब, गोळ्यांच्या वेळा खिशातल्या वहीत लिहायच्या. त्यात कमीपणा नाही. माणसांत बसायचं, भजनाला जायचं, आणि बोलणं नीट ऐकू येतं ना हेही तपासून घ्यायचं, कारण कमी ऐकू येणं घरच्यांना विसरासारखंच दिसतं. आठ महिन्यांनी तो मुनीम आला. मी तोच हिशेब घातला. ‘तेवीस हजार चारशे,’ म्हणाला, ‘तोलातली कटती धरून सांगू का बिनकटतीचा?’

बाबांना घेऊन जाल तेव्हा जवळच्या फिजिशियनकडे जा, थेट मेंदूच्या डॉक्टरकडे नव्हे. सावंगी, सेवाग्राम किंवा यवतमाळचं मेडिकल कॉलेज, जे सोयीचं पडेल ते. जाताना पिशवीत घ्या: २०२१ चं डिस्चार्ज कार्ड, सध्याच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या (चिठ्ठी नव्हे, पट्ट्याच), झोपून आणि उभं राहून घेतलेल्या बीपीचा कागद, आणि गेल्या हंगामात वापरलेल्या फवारणीच्या औषधांच्या लेबलांचे मोबाईलवर काढलेले फोटो. डबे आणू नका, एकानं आणले होते, झाकण सैल निघालं आणि दुपारची ओपीडी आम्हाला बाहेर कडुलिंबाखाली चालवावी लागली.